होडीच्या खोपीतलं बाळंतपण

मथुरा टिकम पहिल्यांदा नजरेत भरली ती तिच्या रिकाम्या डोक्यामुळे.

तोंडवलीत तिला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. पण ते ओळखणं म्हणजे काय, तर सकाळी सुरूच्या बनाकडून माशांची टोपली येते आणि टोपलीखाली मथुरा असते, एवढंच. टोपलीकडे सगळे बघत, खालच्या बाईकडे कोण बघतो? मग एका जानेवारीत, शाळेची प्रार्थना संपता संपता, ती टोपली घोड्यावरून आली. पांढरट अंगाची, डोळ्यांत कायम झोप असलेली एक घोडी, तिच्या दोन्ही अंगांना बांधलेले माशांचे दोन निळे क्रेट, आणि पुढे हात हलवत मथुरा. चार पावलं झाली की तिचा उजवा हात आपोआप वर जायचा, टोपली सावरायला. वर काहीच नसायचं. शाळेच्या कुंपणापाशी तो हात असाच वर गेला, रिकाम्या केसांना लागला, तेव्हा ती थांबली, आपल्या तळव्याकडे बघितलं आणि भर रस्त्यात एकटीच हसत सुटली. पन्नाशी ओलांडलेली, पुढचा एक दात नसलेली बाई इतकं मोकळं हसते, हे टोपलीखाली इतकी वर्षं कुणाला दिसलंच नव्हतं.

"मथुराकाकी, घोडयेर बस गो!" पोरं खिडकीतून ओरडली.

"घोडयेर नवरो बसता रे! माका काय लगीन करूचा आसा?" ती म्हणाली, आणि प्रार्थनेनंतरचा पहिला तास त्या दिवशी कुणाच्याच हाती लागला नाही.

घोडीचं नाव चांदणी. ती मूळची महादूची. महादू घाटावरचा, दर दिवाळीला तीन घोडी घेऊन किनाऱ्यावर उतरायचा आणि पर्यटकांना वाळूत फेऱ्या मारून आणायचा. त्या साली चांदणी इतकी सुटली होती की तिच्यावरचं खोगीर बसेना. एक पुण्याचे गृहस्थ खोगिरासकट बाजूला ओघळले आणि अलगद लाटेत बसले, तेव्हा महादूने ठरवलं की हिला आता काढायची.

मथुराकडे घोडी घेण्यासारखं काही नव्हतं. एक इंजिन होतं. तिचा नवरा बाळा नऊ वर्षांपूर्वी साध्या तापाने गेला. त्याची होडी विकली गेली, पण होडीचं इंजिन घरामागच्या खोपीत ताडपत्रीखाली तसंच राहिलं. दर दसऱ्याला ती त्याला तेल लावून हळदकुंकू वाहायची. महादूच्या मेहुण्याला कुठल्याशा धरणात होडी चालवायची होती. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढलेल्या जाळ्यातली, मासळी वाटून होईपर्यंत सौदा झालासुद्धा. इंजिन टेम्पोत चढलं आणि घोडी खोपीत शिरली.

शेजारच्या घरात तिचा धाकटा दीर गुरुदास राहायचा. त्याने पर्यटकांसाठी तीन खोल्या काढल्या होत्या, त्यामुळे आपल्याला व्यवहार कळतो अशी त्याची समजूत होती.

"वयनी, इंजिन दिलंस नि घोडी घेतलंस? आता तिका दर्यात घालतलंस काय?"

"माका तिचो डोळो आवाडलो," मथुरा म्हणाली. "इंजिनाक डोळो होतो काय?"

गुरुदास कपाळावर हात मारून आपल्या पर्यटकांकडे वळला. खरं कारण मथुराने कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी मासे विकून परतताना ती वाळूत बसायची, तेव्हा ही घोडी येऊन तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवायची. बाळा गेल्यापासून त्या खांद्यावर कुणी काही ठेवलं नव्हतं.

चांदणी आणखी जाड झाली. गाव म्हणालं, पेजेमुळे. मथुरा तिला सकाळी गवताबरोबर तांदळाची पेज द्यायची, मीठ घालून, वर खोबऱ्याचा तुकडा. घोडी पेज भुरकून पिते हे बघायला गुरुदासचे पर्यटक मोबाइल घेऊन कुंपणाशी उभे राहायचे. मग एक दिवस आनंदीबाई सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घ्यायला आल्या. आनंदीबाई म्हणजे गावातल्या बाळंतिणींना आणि तान्ह्यांना न्हाऊ घालणारी बाई. तोंडवलीपासून तळाशीलपर्यंतची अर्धी माणसं त्यांच्या पसरलेल्या पायांवर आंघोळ करून मोठी झालेली. लग्नाच्या मांडवात नवरदेव दिसला की त्या म्हणायच्या, "हो माझ्या पायार मुतलेलो." त्यांनी सुंगटं पदरात घेतली, खोपीच्या दारातून आत बघितलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"मथुरा, ही जाडी नाय गो. ही गुरवार आसा."

"कोण?"

"मी काय? घोडी!"

मथुरा मटकन ओट्यावर बसली. तिला मूल झालं नव्हतं. दिवस गेल्याची बातमी म्हणून जी काही असते ती त्या घरात पहिल्यांदाच सांगितली जात होती, आणि ती ऐकून काय करायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. म्हणून ती उठली आणि तिने चांदणीच्या पाठीवरचे क्रेट काढून टाकले. दुसऱ्या दिवशी टोपली परत तिच्या डोक्यावर आली.

तालुक्याला फोन करून करून शेवटी एक डॉक्टर मिळाल्या. संचिता त्यांचं नाव. गुरांच्या डॉक्टर, ओरोसला सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या, वयाने तिशीच्या आतल्या. त्यांनी हात लावून, कान लावून बघितलं आणि बातमी खरी ठरवली. जाताना त्या मथुराला म्हणाल्या, "काकी, घोडी आपलं आपण सगळं करते. तुम्ही फक्त बघायचं. गर्दी नको. पिल्लू पडलं की लगेच मला फोन करा. आणि एक लक्षात ठेवा, पिल्लाच्या पोटात पहिल्या काही तासांतच आईचा चीक गेला पाहिजे. त्या चिकावरच ते जगतं. तो चुकला तर मग कोणी काही करू शकत नाही."

चिकाचं मथुराने मनावर कोरून ठेवलं. पण बाळंतपणात फक्त बघायचं, हे तिला पटलं नाही. माशासारखा मासा, तोसुद्धा नुसता बघून खाता येत नाही. घरात पहिलंच बाळंतपण, आणि हात बांधून बसायचं? तिने चांदणीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. घोडीने तांदूळ खाल्ले, नारळ हुंगून सोडला आणि खणाचा कोपरा चघळून टाकला. आनंदीबाई म्हणाल्या, "डोहाळे आसत तिचे. खावंदे."

शिमगा होऊन गेला होता. एका पहाटे, उजाडता उजाडता, मथुरा रापणीवर जायच्या आधी पाण्याची बादली घेऊन खोपीत गेली. तिच्या नवऱ्याची होडी जिथे असायची त्या जागेवर, वाळूत, काहीतरी पडलं होतं. काळपट, ओलं, चकचकीत, आणि नुसते पायच पाय. टोपलीतून सांडलेलं भलंथोरलं सुंगट वाटावं तसं. मग त्या सुंगटाने डोकं उचललं आणि मथुराकडे बघितलं.

बादली तिथेच आडवी झाली. डॉक्टरांना फोन करायचा, हे तिला आठवलं नाही. पाय आपोआप आनंदीबाईंच्या दाराकडे धावले.

"आनंदीकाकी! उठ गो! इलां!"

"कोण इलां?"

"आमचां!"

त्या घरातून ही हाक कधीतरी येईल म्हणून आनंदीबाईंनी एके काळी वाट बघितली होती, मग बघणं सोडून दिलं होतं. त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही. तेलाची बाटली घेतली, बेसनाचा डबा घेतला, ओव्याची पुरचुंडी कमरेला खोचली आणि सत्तरी पार केलेल्या त्या बाई वाळूतून जवळजवळ पळत निघाल्या.

"रडलां काय?"

"नाय."

"मगे पाठीत थापटी मारलंस?"

"काकी, घोडां ता!"

"म्हणान काय झालां? जिवंत आसा तर रडाक व्हया."

खोपीत चांदणी पिल्लाला चाटत होती. मान वाकवून, डोळे अर्धे मिटून, कानापासून शेपटीपर्यंत, सावकाश. आनंदीबाईंनी कमरेवर हात ठेवून हे क्षणभर बघितलं, मग वाकून पिल्लू मादी असल्याची खात्री करून घेतली.

"चेडू गो! आणि पाय केवढे ते!"

"बापाशीर गेलां आसतलां."

"बापूस खंय बघलंस तू?" मग त्यांचा सूर बदलला. "आणि ही काय करता? जिभेन न्हाणयता? गरम पाणी संपलां काय गावातला? बाळंतिणीन चाटीत बसूचा नसता. तिका निजांदे. गुरुदासाक हाक मार."

गुरुदास लुंगी सावरत, डोळे चोळत आला आणि काय चाललंय ते कळायच्या आत पिल्लाचे पुढचे दोन पाय त्याच्या गळ्यात पडले होते. तिघांनी मिळून त्याला उचललं. चांदणी उठली, खिंकाळली. आनंदीबाईंनी खोपीचं दार तिच्या तोंडावर ओढून घेतलं. "हाडतंव गो परत. वायच दम धर."

मग झालं ते साग्रसंगीत बाळंतपण. चुलीवर पाणी तापलं, त्यात निर्गुडीचा पाला पडला. आनंदीबाई न्हाणीच्या दगडावर पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "हाड पायार." पिल्लू पायांवर ठेवलं. चारही पाय चार दिशांना गेले, एक तांब्याला लागला, एक गुरुदासच्या पोटात. गुरुदास म्हणाला, "काकी, ह्यां पोरगां नाय, कॅमेऱ्याचो स्टँड आसा!" आनंदीबाईंनी लक्ष दिलं नाही. त्यांनी आयुष्यात हट्टी पोरं पुष्कळ बघितली होती. खोबरेल तेल रगडलं. त्यावर हळद घातलेलं बेसन चोळलं. कढत पाण्याचे तांबे ओतले. नाक ओढून सरळ केलं, जे आधीच हातभर सरळ होतं. शेवटी निखाऱ्यांवर ओवा आणि वावडिंग टाकून पिल्लाला धुरी दिली. पिल्लू सात वेळा शिंकलं आणि प्रत्येक शिंकेला मागे जाऊन बसलं.

मथुरा घरात गेली आणि ट्रंकेच्या तळातून एक दुपटं घेऊन आली. जुन्या लुगड्यांचं, मऊ, बारीक टाक्यांचं. सासूने ते लग्नाच्या साली शिवून ठेवलं होतं, लागेल म्हणून. ते लागलं नव्हतं. तिने ते पिल्लाच्या अंगावर घातलं. मानेपासून पाठीच्या निम्म्यापर्यंत पुरलं, पण पुरलं. मग तिने स्वतःच्या बोटाने त्याच्या कपाळावर काजळाची तीट लावली. आनंदीबाई तोंड फिरवून उगाचच निखारे ढवळत राहिल्या.

तोवर खोपीत चांदणीची वार पडली होती. आनंदीबाईंनी तीही रीतसर केली. नव्या मडक्यात घातली, हळदकुंकू वाहिलं आणि घरामागे माडाच्या मुळाशी खड्डा करून पुरली. कुत्री उकरतील म्हणून वर काहीतरी जड ठेवायला हवं होतं. गुरुदासने होडीचा जुना लोखंडी नांगर ओढत आणून वर टाकला आणि पाठ धरून खाली बसला. त्याची बायको किशोरी तेवढ्यात चुलीवर मोरीचं कालवण चढवून मोकळी झाली. बाळंतिणीला दूध यावं म्हणून इकडे मोरीच देतात, मुशी म्हणजे लहान शार्क मासा, भरपूर मिरी घालून.

अशा थाटात पिवळंधमक, तुकतुकीत, दुपट्यातलं पिल्लू आईला भेटायला निघालं. मथुराने दार उघडलं.

चांदणी धावत पुढे आली. नाक पुढे केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग तिचे कान मागे गेले, वरचा ओठ उलटा झाला, आणि ती गर्रकन वळून तिने मागचे दोन्ही पाय झाडले. पिल्लू थोडक्यात वाचलं. ते धडपडत पुन्हा तिच्या पोटाकडे गेलं, तशी चांदणी दात दाखवून अंगावर आली. गुरुदास मध्ये पडला म्हणून चावा त्याच्या लुंगीला बसला.

"काय झालां हिका?" किशोरी कालवणाचं भांडं घेऊन दारात उभी होती. "भूक लागली आसतली. ह्यां दी."

चांदणीने मोरीच्या कालवणात एक जोरदार फुरका मारला. मिरीचा रस्सा किशोरीच्या साडीवर, भिंतीवर आणि आनंदीबाईंच्या चष्म्यावर गेला.

पिल्लाला मात्र कुणाचाच राग नव्हता. त्याला प्यायचं होतं. त्याने मथुराचा पदर चोखला. आनंदीबाईंचं कोपर चोखलं. खोपीचा खांब चोखून बघितला. मग गुरुदासच्या लुंगीचा फाटका सोगा तोंडात धरून ते इतक्या जोराने ओढू लागलं की गुरुदास दोन्ही हातांनी लुंगी धरून "सोड गो, लाज काढशील!" असं ओरडत गोल फिरू लागला. सगळे हसले. मथुराही हसली आणि मधेच थांबली. डॉक्टरांचं बोलणं तिला आता आठवलं. चीक.

तिने फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून किशोरीने स्पीकर चालू केला.

"डॉक्टर, घोडी पोराला घेत नाय हो. लाथा मारते."

"कधी झालं पिल्लू?"

"सूर्य येताना. आता ऊन आंगणात आलं."

"आणि आत्ता फोन करताय? बरं. आई त्याला चाटत होती का?"

"चाटत होती. चांगली चाटत होती. मग आम्ही आंघोळ घातली."

"कोणाला?"

"पोराला."

"साबण लावलात?"

"नाय नाय, साबण नाय!" मथुरा घाईने म्हणाली. "बेसन लावलं. हळद. खोबरेल. आणि ओव्याची धुरी दिली, सर्दी होऊ नये म्हणून."

"अगो बाय माझे," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांची ऑफिसातली मराठी तिथेच संपली. "बेसन, हळद, ओवो नि तेल! काकी, तुमी पोराची भजी केलास! घोडी वासावरून पोराक वळाकता. ती चाटीत होती ता लाडान नाय, तो वास ती मनात धरीत होती. तुमी तो धुवन टाकलास. तिका वाटता, माझां पोर न्हेल्यानी नि भज्यांचो ताट धाडल्यानी!"

किशोरीला हसू फुटलं. ते दाबायला तिने पदर तोंडात कोंबला. पण मथुरा फोनवर आणखी वाकली.

"आता?"

"तो वास परत लावूक व्हयो. वार पडली? खंय आसा?"

मथुराने आनंदीबाईंकडे बघितलं.

"पुरली," आनंदीबाई फोनच्या दिशेने मोठ्याने म्हणाल्या. "रीतीपरमान. नांगर ठेवलो वर."

"मगे काढा. माका ती बघूची पण आसा, पुरी पडली काय नाय ता. ती वार पोराच्या आंगाक चोळा, डोक्याक, पाठीक, शेपटेक. घोडयेचा वायच दूध काढून तांय लावा. भजी वास येवक नको. मी निघतंय. कसालच्या पुढे इलंय की फोन करतंय. पण माझी वाट बघू नकात, तास जातले." आणि फोन बंद झाला.

आनंदीबाई उभ्याच राहिल्या. "पुरलेली वार उकरतत काय कधी? माझ्या आवशीन उकरल्यान नाय, तिच्या आवशीन नाय. तेका दोष लागता. जल्माक इल्या पोराक लागता."

"काकी," मथुरा म्हणाली, "पोर ऱ्हवला तर दोष लागतलो ना?"

तिच्या पायाशी पिल्लू आता खाली बसलं होतं. लुंगी सोडून दिली होती. डोकं मथुराच्या पावलावर टेकलं होतं आणि तोंडाने नुसताच हवेत चोखण्याचा आवाज येत होता, मघापेक्षा हळू. आनंदीबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्या दुपट्याकडे बघितलं. सासूने ते शिवलं तेव्हा सुईत दोरा ओवून द्यायला त्याच बसल्या होत्या.

"माझ्या हातान पुरलंय," त्या म्हणाल्या, "तर माझ्याच हातान काढतलंय. दोष काय तो माका लागांदे. माझां वय झालां, मी घेवन जातलंय तो वांगडा." आणि गुरुदासकडे वळून, "तू काय बघतस रे लुंगी धरून? नांगर उचल!"

"आवशीक खाव!" गुरुदास नांगराशी झटताना म्हणाला. "मघाशी एवढो जड नव्हतो."

मडकं वर आलं. पुढचं काम ज्यांनी बघितलं ते अजून सांगताना नाकाला पदर लावतात. आनंदीबाई पुन्हा पाय पसरून बसल्या. ज्या हातांनी तासाभरापूर्वी बेसन चोळलं होतं त्याच हातांनी, त्याच क्रमाने, डोकं, मान, पाठ, त्या आता वार चोळत होत्या आणि तोंडाने चालूच होतं, "पन्नास वर्सां पोरां साफ केलंय, आज पयल्यांदा घाण करतंय. कोणाक सांगू नकात गो. माका पुढचां गिऱ्हाईक मिळाचा नाय." मथुराने चांदणीच्या खांद्याला खांदा लावून, तिच्याशी बोलत बोलत, ओंजळभर चीक काढला. पिवळसर, दाट. त्यातला थोडा पिल्लाच्या पाठीवर आणि थोडा कपाळावरच्या काजळावर गेला. दुपटं तिने स्वतः सोडवून घेतलं आणि कमरेला गुंडाळलं.

मग गुरुदासने घोडीचा कासरा धरला. पिल्लाला तिच्यासमोर उभं केलं आणि सगळे मागे सरले.

चांदणीने नाक पुढे केलं. कान मागेच होते. तिने शेपटी हुंगली. पाठ हुंगली. मानेपाशी थोडा ओवा राहिला असावा, कारण तिथे तिने नाक झटकलं आणि किशोरीने डोळे मिटून घेतले. घोडी पुन्हा पाठीकडे आली. बराच वेळ तिथेच थांबली. कान एक पुढे आला, मग दुसरा. तिच्या छातीतून एक आवाज निघाला, खोल, थरथरता, बंद ओठांतला, असा आवाज तिने त्या घरात आजवर केला नव्हता. आणि तिने जीभ बाहेर काढली.

"चाट गो बाय," आनंदीबाई पुटपुटल्या. "चाट. काय बोलणंय नाय मी आता."

पिल्लाला अजून पत्ता सापडला नव्हता. त्याने आईच्या पुढच्या पायांमध्ये शोधलं, गुडघ्याला चोखलं, भिंतीकडे गेलं. मथुराला राहवत नव्हतं. पुढे होऊन त्याला धरून लावावं म्हणून तिचा हात उठला आणि अर्ध्यावर थांबला. फक्त बघायचं. तिने तो हात आपल्याच डोक्यावर ठेवला, टोपली धरावी तसा, आणि घट्ट धरून ठेवला. चांदणीने तोंडाने पिल्लाला मागून हलकेच ढकललं. पिल्लू अडखळलं, तिच्या पोटाखाली गेलं, आणि मग सगळ्यांना ऐकू आलं, चक् चक् चक्. त्याची बोटभर शेपटी पंप मारल्यासारखी हलायला लागली.

मथुरा हसायला लागली. शाळेच्या कुंपणापाशी हसली होती तशीच, पण या वेळी तिला थांबताच येईना. तिला बघून किशोरी सुटली, मग गुरुदास, मग आनंदीबाई, आणि चौघंही नखशिखांत घाणीने माखलेले एकमेकांना धरून हसत होते. गुरुदासचे पर्यटक चहा कुठे मिळेल ते विचारायला कुंपणापाशी आले होते, ते न विचारताच परत गेले.

डॉक्टर आल्या तेव्हा पिल्लाचं पोट टमटमीत झालं होतं आणि ते मथुराच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलं होतं. त्यांनी वार वाळूत पसरून बघितली, शिडाचं कापड बघावं तशी, आणि पुरी असल्याचं सांगितलं. आनंदीबाई त्यांच्या मागेमागे होत्या. "आता पुरू ना परत?" डॉक्टर म्हणाल्या, "पुरा. आता सावकाश पुरा." मग त्यांना कसलासा वास आला. चुलीवर मोरीचं कालवण तसंच होतं, बाळंतीण शिंकली होती ते सोडून भांड्यात बरंच शिल्लक होतं. सगळ्यांनी ओट्यावर बसून भाताबरोबर ते खाल्लं. डॉक्टरांनी दोनदा घेतलं.

बाराव्या दिवशी आनंदीबाईंनी खोपीत येऊन पिल्लाच्या कानात नाव सांगितलं. सुंगटी. नाव सांगताना तिने त्यांच्या चष्म्याची काडी चोखली. ते दुपटं धुऊन पुन्हा ट्रंकेत गेलं नाही, खोपीच्या खुंटीला टांगलेलं आहे.

सुंगटी आता दोन वर्षांची आहे. तिचा काळपट रंग जाऊन आईसारखा पांढरट व्हायला लागलाय. सकाळी दोघी मथुराच्या मागून गावभर फिरतात, एकीलाही दोर नसतो. कुणी विचारतं, "मथुरा, दोन दोन घोडी आसत, टोपली तेंच्या पाठीर घाल ना!" तेव्हा ती सांगते की माशांचा वास लागला तर त्या एकमेकींना ओळखायच्या नाहीत. डॉक्टरांनी तिला समजावलं आहे की एवढ्या मोठ्या घोडीला आता तसं काही होत नाही. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. माशांची टोपली अजून मथुराच्याच डोक्यावर असते.